फोन घरी किती वाजता असतो?

माझ्या फोनमध्ये 24 सेकंदांचा एक आवाज मी अजून जपून ठेवलाय. सुरुवातीला नुसता पत्र्यावरचा पाऊस. मग एका मुलीचा घाबरलेला आवाज, "इश हायसऽ..." नाव सांगून होतं न होतं तोच मागून म्हातारी विचारते, "कोणाशी बोलतेस गो?" मुलगी थांबत नाही. "इश कॉमऽ आउस इंडिएन", म्हणजे मी भारतातून आले, एवढं पुरं करते आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरून आजीला सांगते, "मॅडमशी. जर्मनमधनं." त्यावर आजी म्हणते, "मग जरा मोठ्यानं बोल, लांब आहे ते."

मुलगी रत्नागिरीजवळच्या उक्षी गावची. मी रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात जर्मन शिकवते. पदवीच्या मुलांनी जोडीला घ्यायचा हा प्रमाणपत्र वर्ग. आठवड्याला दोन तासिका, त्याही दुपारी बाकीचे तास संपल्यावर, म्हणजे निम्म्या वर्गाचं लक्ष एसटीच्या वेळेकडे. परीक्षा, गणपती, शिमगा, युवा महोत्सव वजा जाता वर्षाकाठी हातात पन्नासेक तासिका येतात. पहिली पातळी, म्हणजे ए-वन, गाठायला 80 ते 200 तासिका लागतात असं जर्मन शिकवणारं आणि तिच्या परीक्षा घेणारं खुद्द गटे इन्स्टिट्यूट सांगतं. हे गणित कसंही मांडलं तरी बसत नाही. उरलेले तास वर्गाबाहेर कुठेतरी उभे करायचे होते: घरी, स्टँडवर, गाडीत. आणि फोन तर काय, सगळ्यांच्या हातात चोवीस तास असतोच. असं मला तेव्हा वाटत होतं.

जून 2024 ची गोष्ट. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला होता, आणि त्याची बातमी गावोगाव पोचली होती. एरवी माझ्या वर्गाला पंधरा-सोळा मुलं. त्या वर्षी 36 अर्ज आले. पालकही आले. "मॅडम, किती महिन्यांत जाईल हा?" हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागला की मी उत्तर पाठच करून टाकलं: ए-वन झालं की नाव, गाव, वय, भाव एवढं बोलता येतं, नर्स म्हणून काम करायचं तर साधारण बी-टूपर्यंत जावं लागतं, आणि मधे दोन पायऱ्या आहेत. पालक मान डोलवायचे आणि जाताना पुन्हा विचारायचे, "म्हणजे दिवाळीपर्यंत?"

मोबाइलवर शिकवण्याचा अनुभव मला नव्हता असं नाही. 2020 मध्ये सगळ्यांनी शिकवलं तसं मीही शिकवलं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडच्या मुलांची लाइट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही, आणि मी इकडे काळ्या चौकोनांना क्रियापदं सांगत बसले. त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फोन म्हणजे लहान फळा, एवढीच माझी तेव्हा समज होती. 2024 मध्ये ठरवलं की फळा वर्गातच राहू दे. घरी सराव करून घ्यायला एखादं तयार ॲप द्यावं.

ॲप चांगलंच होतं. रंगीत, हसतमुख, रोज आठवण करणारं. मी सगळ्यांना वर्गात बसवून ते घालायला लावलं, गट तयार केला, गुणांची यादी मला दिसायची. पहिल्या दोन आठवड्यांत मी जाम खूश. मुलं रात्री अकराला सराव करत होती. एकानं तर वीस दिवसांची सलग मालिका केली आणि यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसला. तिसऱ्या आठवड्यात त्याला मी व्हरांड्यात सहज विचारलं, "वी हाइस्ट डू?" तुझं नाव काय, एवढंच. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, पर्याय?"

मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. पर्याय. तो रोज रात्री शब्दांचे ठोकळे ढकलून वाक्यं जुळवत होता, पण त्याच्या तोंडातून आजवर एक जर्मन शब्द बाहेर पडला नव्हता. त्याची चूक काय? ॲपनं तोंड उघडायला सांगितलं की खाली एक बटण यायचं, "आत्ता बोलता येत नाही". घरात वडील टीव्ही बघतायत, भाऊ अभ्यास करतोय, तिथं कोण बोलणार? तो बटण दाबायचा.

त्याच आठवड्यात वर्गात मी आकड्यांची ऐकण्याची चाचणी घेतली. हापूसच्या पेटीचा भाव, बसचं तिकीट, वय, असे दहा आकडे जर्मनमध्ये उच्चारले. 25 म्हटलं की अर्ध्याहून जास्त जणांनी 52 लिहिलं. 34 चे 43. जर्मनमध्ये पंचवीस म्हणजे फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश: आधी पाच, मग वीस. ॲप इंग्रजीतून शिकवत होतं, मुलं "ट्वेंटी फाइव्ह" मनात धरून जर्मन ऐकत होती आणि दर वेळी उलटी पडत होती. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पंच-वीस. मग चौ-तीस. मग बेचाळीस, त्रेसष्ट. दोन मिनिटं शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "अय्या, हे तर आपलंच आहे."

आपलंच आहे. एकोणतीस-एकोणचाळीसची भानगड सोडली तर मराठी आणि जर्मन एकाच बाजूनं आकडे वाचतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! जर्मनीतसुद्धा आकडे सरळ वाचा असा आग्रह धरणारी मंडळी आहेत. माझं त्यात काही मत नाही. पण जुन्या पद्धतीनं उजळणी म्हटलेल्या मुलांना माझ्या वर्गात तयार शिडी मिळाली, आणि मी तीन आठवडे त्यांना ती सोडून इंग्रजीच्या भिंतीवरून चढायला लावत होते.

तिथून मी त्या ॲपचा नाद सोडला. कुणाला बंद करायला सांगितलं नाही, फक्त गुण बघणं थांबवलं. आणि सगळ्यांकडे आधीपासून असलेली एक साधी गोष्ट धरली: व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज. मिनिटभराचा आवाज शंभर-दीडशे केबीत मावतो. दुपारपर्यंत रील बघून डेटा संपवलेल्या मुलाकडेही एवढा शिल्लक असतो.

नियम तीनच. जास्तीत जास्त 30 सेकंद. वाचून बोलायचं नाही. एकदा बोललेलं पुसून पुन्हा करायचं नाही. हा तिसरा नियम कुणी पाळला असेल असं मला वाटत नाही, आणि त्यातच खरी गंमत होती. एका मुलीनं नंतर कबूल केलं की स्वतःची ओळख पाठवायला तिनं ती 17 वेळा म्हटली. वर्गात मी तिला 17 वेळा उभं केलं असतं तर तिनं नाव काढून घेतलं असतं.

सुरुवातीला सगळे आवाज एका ग्रुपवर येतील असं ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी एका मुलीची आई महाविद्यालयात आली. भांडायला नव्हे, पण अस्वस्थ होती. "बाई, मुलांच्या ग्रुपवर हिचा नंबर आणि आवाज, दोन्ही जातंय. गावात लोक बोलतात." तिचं म्हणणं चूक म्हणायची माझी हिंमत नव्हती. ग्रुप मोडला. माझ्याकडून सूचना ब्रॉडकास्टनं जायच्या, म्हणजे कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, आणि उत्तर थेट मला. ब्रॉडकास्टची एक गोम आहे: ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही. आठवडाभर पाच मुलं "मॅडम, काहीच आलं नाही" म्हणत होती आणि मी त्यांना खोटारडी ठरवत होते.

30 सेकंद गुणिले 36. ऐकायला अठरा-वीस मिनिटं, पण उत्तर द्यायला रोजचा दीड तास. नवरा म्हणायला लागला, "तू हल्ली जेवतानासुद्धा जर्मन बोलतेस." मग दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येकाची एकच चूक सांगायची, जी सर्वांत जास्त अडते ती. बाकीच्या कानाआड. दोन, जोड्या लावल्या, मुलींच्या मुलींशी, मुलांच्या मुलांशी, आणि कुणाला हवी असेल तर मिश्र. जोडीदाराचा आवाज ऐकून त्याला एक प्रश्न विचारायचा आणि त्यानं उत्तर द्यायचं. मी आठवड्याला प्रत्येक जोडीचं एकच संभाषण ऐकायचे.

उच्चारांचं मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. जर्मन झेड म्हणजे आपल्या चमच्यातला च, चिंचेतला नव्हे. हे एकदा सांगितलं की "त्साइट" आणि "त्सेन" पुन्हा शिकवावे लागत नाहीत. यू वर दोन टिंबं आली की ई म्हणायचं आणि ओठ शिट्टीचे करायचे. घरोघरी आरशासमोर शिट्ट्या वाजल्या म्हणतात. "बाख" मधला घशातला ख मात्र बऱ्याच जणांचा आपल्या खोबऱ्यातल्या ख वर जायचा. अपवाद मिरकरवाड्याचा एक मुलगा. दहावीपर्यंत उर्दू शाळेत, त्यामुळे ख आणि ख़ यांतला फरक त्याला आईच्या दुधातून मिळालेला. त्याचा आवाज मी वर्गात वाजवून दाखवला, त्याच्या परवानगीनं. "नाख़्ट", "बूख़". वर्ग गप्प. तोही लाजून गप्प.

जुलैअखेरपर्यंत त्याचे मेसेज सगळ्यांत आधी यायचे, रात्री आठाच्या ठोक्याला. ऑगस्ट लागला आणि बंद. एक आठवडा गेला, दोन गेले. वर्गात विचारलं तर "करतो मॅडम" म्हणून खाली बघायचा. मी वैतागले. कौतुक केलं की मुलं हवेत जातात, असं माझं जुनं मत, ते मी त्याला भर वर्गात ऐकवलंही. तास संपल्यावर त्याचा मित्र माझ्या मागोमाग स्टाफरूमपर्यंत आला. म्हणाला, "मॅडम, त्याच्याकडे फोन नाही. फोन बापाचा आहे. बंदी संपली ना."

31 जुलैला मासेमारीची बंदी संपते. जून-जुलैचे 61 दिवस बोटी किनाऱ्याला, वडील घरी, फोन घरी. 1 ऑगस्टला वडील तांडेल म्हणून, म्हणजे बोटीचे कप्तान म्हणून, बोटीवर गेले, आणि फोनही गेला. आता चार-पाच दिवसांनी बोट धक्क्याला लागली की एक रात्र फोन घरी यायचा. आणि ही गोष्ट मला, जन्म रत्नागिरीत काढलेल्या बाईला, कळायला दोन आठवडे लागले. बंदी कधी उठते हे मला बाजारात सुरमई आली की बरोबर कळतं!

मी दुसऱ्या दिवशी त्याची वर्गातच माफी मागितली; ज्या जागी बोलले त्याच जागी. आणि मग उशिरा का होईना, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. एक कागद फिरवला: फोन कुणाचा? घरी कधी असतो? रेंज कुठे मिळते? 36 पैकी 11 जणांचा फोन स्वतःचा नव्हता. भावाबरोबर वाटून, आईबरोबर वाटून. रेंजच्या रकान्यात तर काय काय आलं: "गोठ्याच्या मागे", "पिंपळाच्या पारावर", "सड्यावर". उक्षीच्या मुलीनं लिहिलं होतं, "हत्तीजवळ". तिथल्या कातळावर हत्तीचं कातळशिल्प आहे, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्यांपैकी एक. घरात ती बोलायची, पाऊस थांबला की गडगा ओलांडून सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जायची, हत्तीपाशी उभी राहून पाठवायची आणि परत यायची. "मॅडम, रेंज नव्हती" या वाक्याला मी आजवर किती वेळा तुच्छतेनं हसले होते, ते मनातल्या मनात मोजणं मी टाळलं.

मिरकरवाड्याच्या मुलासाठी तोडगा घरातच सापडला. माझ्या कपाटाच्या खणात काच तडकलेला जुना फोन पडला होता. सिम नाही, पण बोलणं रेकॉर्ड करायला सिम लागतंच कुठे? तो घरी रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या वायफायवर पाठवायचा. ही युक्ती चालली म्हटल्यावर स्टाफरूममध्ये हाक दिली. प्रत्येकाच्या घरात एक मेलेला फोन असतोच. सहा जमले, एकाची बॅटरी फुगलेली निघाली, तो परत केला. पाच फोन पाच घरांत गेले. त्या वर्षीचा माझा सगळ्यात उपयोगी शैक्षणिक निर्णय हाच, आणि तो कुठल्याही अहवालात लिहिण्यासारखा नाही.

लिंगांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जर्मनमध्ये डेर, डी, दास. आपल्याकडे तो, ती, ते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटतं तेवढं हे जगावेगळं नाही, फक्त वाटण्या वेगळ्या आहेत. शब्द पाठ करायला मी अंकी नावाचं कार्डांचं सॉफ्टवेअर दिलं. अँड्रॉइडवर फुकट, नेटशिवाय चालतं, आणि विसरायच्या बेताला आलेलं कार्ड नेमकं पुढे करतं. बाजारातली तयार कार्डं घ्यायची नाहीत, स्वतः करायची, असं ठरलं. मग एका रविवारी सकाळी आठ-दहा जण मिरकरवाड्याच्या धक्क्यावर गेलो. फोटो काढायचा, जर्मन नाव शोधायचं, आवाज भरायचा. बांगडा तो, पण माक्रेले ती. कोळंबी ती, गार्नेलेही ती. खेकडा तो, क्राबे ती. मोरी ती, हाय तो. कोळणी आमच्याकडे बघून हसत होत्या, एकीनं विचारलं, "फोटो काय काढता, घेणार काय?" घ्यावेच लागले.

आचऱ्याहून आलेली, वसतिगृहात राहणारी एक मुलगी वर्गात फारसं बोलायची नाही. तिच्या मालवणीला आधी कुणीतरी हसलं असावं. मी "दास मेडशेन" शिकवत होते. मेडशेन म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी. दर वर्षी या शब्दाला वर्गात हशा पिकतो, तसा पिकला. ही मुलगी मात्र हसली नाही. रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, जर्मन नव्हे, मालवणी: "मॅडम, आमच्याकडे चेडू 'ता'च असता. ता चेडू इला, ता चेडू गेला. त्यात हसण्यासारख्या काय आसा?" चेडू म्हणजे मुलगी, ता म्हणजे ते. मी तो मेसेज तीनदा ऐकला. दुसऱ्या दिवशी तिला विचारून वर्गात वाजवला. त्यानंतर ती जर्मन बोलायला लागली, मालवणी हेल तसाच ठेवून. तो हेल काढायचा मी प्रयत्न केला नाही.

तू आणि तुम्हीचंही तसंच. जर्मन "डू" आणि "झी" यांत कुठे काय वापरायचं हे इंग्रजी "यू" मधून कळणं कठीण. तिथं दोघांना एकच दार. मराठीत सांगितलं की प्रश्न मिटतो. आईला तू, देवाला तू, तिकडेही तसंच. दुकानदाराला, डॉक्टरला, अनोळखी माणसाला तुम्ही.  हो, भाषांतर यंत्राचा वापरही व्हायचाच. पत्रलेखनाच्या गृहपाठात एका मुलानं "इश व्युर्डऽ मिश फ्रॉयन", म्हणजे मला आनंद होईल, असं लिहून आणलं. अदबीचं, सुरेख, आणि आमच्या पातळीच्या दोन मजले वर. मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "हेच आता मला बोलून पाठव, आणि 'व्युर्डऽ' म्हणजे काय तेही मराठीत सांग." तासाभरानं पत्र नव्यानं आलं, चार चुकांसह. छान होतं.

सगळंच जमलं असं नाही. लिहिण्याच्या बाबतीत फोननं फार हात दिला नाही. कीबोर्डवर ओ अक्षर दाबून धरलं की दोन टिंबांचा ओ मिळतो हे दहा वेळा सांगूनही मुलं साधाच ठोकायची, आणि "सुंदर" ऐवजी "आधीच" असा अर्थ होऊन बसायचा. पुस्तकातलं हवामान तर वेगळीच डोकेदुखी. तिथं कायम बर्फ पडतो. आमच्या मुलांनी खिडकीबाहेर बघून काय सांगायचं? मी त्यांना "श्व्यूल" हा शब्द दिला, दमट. तो परीक्षेच्या यादीत नसेल, पण ऑक्टोबरात रत्नागिरीत राहणाऱ्याला तो पहिल्या पातळीवरच लागतो.

रस्ता सांगण्याचा धडा मी गावातच करून घेतला. स्टँडपासून थिबा पॅलेस, भाट्याचा किनारा, भगवती मंदिर, मांडवी; चालत जायचं आणि चालता चालता बोलायचं. गेराडेआउस, लिंक्स, रेश्ट्स. मांडवीच्या वाटेवरच्या दोघींनी एवढंच पाठवलं: "गेराडेआउस, गेराडेआउस, गेराडेआउस... दास मेअर." सरळ, सरळ, सरळ, समुद्र. चूक काढायला जागा नव्हती. पुढच्या तासाला मी सांगितलं की जर्मनमध्ये समुद्राला तिन्ही लिंगं मिळाली आहेत: दास मेअर, डी झे, डेर ओत्सेआन. आणि डेर झे म्हटलं की तेच तळं होतं. मिरकरवाड्याचा मुलगा म्हणाला, "बरोबर आहे मॅडम, कुठला समुद्र त्यावर आहे."

डिसेंबरात एक चूक माझ्या लक्षात आली, आणि ती फोननंच लावलेली सवय होती. मुलं कुठलाही आवाज थांबवून, मागे नेऊन, चार-पाच वेळा ऐकत होती. ए-वनच्या परीक्षेत ऐकण्याचे तीन भाग असतात, त्यातला दुसरा एकदाच वाजतो. रेल्वे स्टेशनवरची घोषणा असते तशी. निसटली की निसटली. व्हॉट्सॲपमध्ये एकदाच ऐकता येणारा व्हॉइस मेसेज पाठवता येतो, छोट्या गोलात 1 असा आकडा असतो तो दाबायचा. मी रोज रात्री नऊ वाजता तसा एक पाठवायला लागले. "आख्टुंग, गाडी फलाट सातवरून सुटेल", असलं काहीतरी. ऐकला की नाहीसा. पहिल्या रात्री माझ्यावर शिव्यांचा पाऊस पडला असणार. मला पोचला तो फक्त रडक्या चेहऱ्यांचा. महिनाभरात मुलं फोन हातात घेण्याआधी टीव्हीचा आवाज बारीक करायला सांगू लागली. असं एका पालकानंच तक्रारीच्या सुरात सांगितलं.

वर्षअखेरीला 36 मधले 23 उरले होते. परीक्षेचा फॉर्म 11 जणांनी भरला. फी बघून काही मागे हटले, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पहाटेच्या गाडीनं आम्ही मुंबईला निघालो. भोक्याच्या पुढे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर. आत शिरताच रेंज गेली आणि नेटवर काहीतरी ऐकत बसलेले दोघे एकदम ओरडले. बाकीचे शांत. त्यांच्या फोनमध्ये वर्षभराचे आवाज साठलेले होते. उक्षीची मुलगी आचऱ्याच्या मुलीचा जुलैमधला पहिला मेसेज सगळ्यांना ऐकवत होती आणि आचऱ्याची मुलगी तिला मारत होती.

परीक्षेच्या दाराशी फोन बंद करून बाहेर ठेवायला सांगितले. एक मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "आता तोंड." बोलण्याच्या परीक्षेत चौघांना एकत्र बसवतात, नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, छंद सांगायचे, मग एखादा शब्द अक्षर-अक्षर करून सांगायचा आणि एखादा नंबर. भाषांच्या ठिकाणी आचऱ्याच्या मुलीनं मराठी, मालवणी, हिंदी, इंग्रजी आणि थोडी जर्मन अशा पाच मोजल्या. परीक्षकांनी मालवणी म्हणजे काय असं विचारलं. तिनं काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना. 100 पैकी 60 गुणांना पास. अकरापैकी नऊ झाले. जे दोघे राहिले त्यातला एक माझा "पर्याय?" वाला, दोन गुणांनी. त्यानं पुढच्या तारखेला फॉर्म भरला आणि पास झाला.

मार्चमध्ये धक्क्यावर मिरकरवाड्याच्या मुलाचे वडील भेटले. ओळख करून दिल्यावर हसायला लागले. मुलानं बंदीच्या दिवसांत त्यांच्या फोनमध्ये एक ते शंभर जर्मन आकडे भरून ठेवले होते, ते फोनबरोबर बोटीवर गेले. "खोल गेलं की रेंज नाही, गाणी संपली की हेच लावतात," ते म्हणाले. "आमची खलाशी पोरं नेपाळची. जाळं ओढताना आइन्स, त्स्वाय, द्राय करतात. मला पण वीसपर्यंत येतं."

जून 2025 मध्ये नव्या मुलांचा वर्ग सुरू झाला. ॲपचं नाव मी काढलंच नाही. पहिल्या तासाला पुस्तकाच्या आधी तो कागद फिरवला, तीन रकान्यांचा: फोन कुणाचा, घरी किती वाजता असतो, रेंज कुठे. गोळा करून स्टाफरूममध्ये वाचत बसले. सहाव्या का सातव्या ओळीवर एका मुलानं लिहिलं होतं: "आजीचा. तिची मालिका संपल्यावर, साडेनऊ. माजघरात खिडकीशी."

त्याची वेळ मी साडेनऊ लावून घेतली.